माळ घातली म्हणून कुळाईचा डोंगर वर्ज्य?

चाळीस वर्षे कीर्तनाला उभा राहिलो. आता गुडघे उभे राहू देत नाहीत आणि आवाज दोन अभंगांपुढे जात नाही, म्हणून विणा खुंटीला लावला आहे. आमचे गुरुजी सांगत, गादीवर बोललेला शब्द श्रोत्याच्या घरी जातो, तिथे तो काय करतो हे कीर्तनकाराला कधी कळत नाही. मला मात्र ते कळले. माझाच एक शब्द गेल्या पौषात माझ्याच उंबऱ्यावर उभा राहिला. त्याविषयी चार गोष्टी बोलायच्या आहेत. काहींना त्या लागतील. लागाव्यात म्हणूनच लिहितो आहे.

मार्गशीर्षात आमच्या नातवाचे लग्न झाले. आम्ही कामोठ्याचे जुने रहिवासी, आगरी. जिथे आज सेक्टरांचे आकडे आहेत तिथे आमची भाताची खाचरे होती. १९७० साली सिडको आली, जमिनी गेल्या, गाव इमारतींच्या मध्ये अडकले. पण कुळाई काही जमिनीबरोबर संपादित होत नाही. आमची कुळाई कार्ल्याची एकवीरा आई. लग्न झाले की नवे जोडपे डोंगरावर जाते, नवी सून आईची ओटी भरते, मगच घरच्या बायका म्हणतात की सून घरात आली.

नातसुनेने खण, साडी, नारळ, तांदूळ, हळदकुंकू असे ओटीचे सामान ताटात मांडले. आणि नातू म्हणाला, मी येणार नाही. त्याने दोन वर्षांपूर्वी आळंदीला माळ घातली आहे. एकादशी चुकवत नाही, हरिपाठ चुकवत नाही. गुणी मुलगा. मी विचारले, का रे? तो म्हणाला, ‘आबा, तुम्हीच कीर्तनात सांगितलंत ना, गळ्यात तुळस आली की त्या डोंगराची पायरी संपली म्हणून?’

ती पोर ताट हातात घेऊन दारात उभी होती. एक शब्द बोलली नाही. मला तिच्या जागी माझी आई दिसली.

मी माळ घातली १९६८ साली. मग आळंदीला चार वर्षे शिकलो. आई दर चैत्रात डोंगराला जायची. आधी पायी, मग मालट्रकमध्ये उभी राहून, पुढे एसटीने. दर वर्षी निघताना एकदा विचारायची, येतोस का? मी म्हणायचो, माळकऱ्याला ते चालत नाही, तिथे बकरी कापतात. तिने कधी वाद घातला नाही. एकदाच म्हणाली, ‘बाला, तुज्या देवाला आय नाय का?’ मी हसून सोडून दिले. ती परत येताना प्रसादाचा नारळ आणायची. मी तोही खात नसे. ती माझी वाटणी वाटीत झाकून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी गाईला घालायची. १९९६ साली ती गेली. म्हणजे अठ्ठावीस चैत्र मी तिला नाही म्हणालो, आणि त्याला निष्ठा हे नाव दिले.

हे सारे मी कीर्तनात दृष्टांत म्हणून सांगितले आहे, अभिमानाने. ‘आईने विचारले तरी मी डगमगलो नाही’ असे म्हटले की श्रोते टाळी देत. त्या टाळीची आज मला लाज वाटते. आणि ज्या अर्थी आजही गादीवरून, सप्ताहातून, गावोगावच्या मंडपांतून हेच सांगितले जाते, त्या अर्थी ही माझी एकट्याची चूक नाही. तेव्हा हा वाद मी माझ्याशी आणि माझ्या कीर्तनकार मित्रांशी, दोघांशीही घालतो आहे.

आधी त्यांचा पक्ष नीट मांडतो. तो हलका नाही. मीच तो इतकी वर्षे मांडत आलो.

पहिले प्रमाण देतात ते ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायाचे. अज्ञानाची लक्षणे सांगताना माउलींनी एका भक्ताचे चित्र काढले आहे. तो आज एक देव मांडतो, उद्या दुसरा. एकादशीला विष्णूचा, चौथीला गणपतीचा, चौदसला दुर्गेला म्हणतो की आई, मी तुझाच. गावातल्या वेश्येप्रमाणे त्याची भक्ती सगळ्यांची आणि कोणाचीच नाही. आमचे मित्र म्हणतात, पाहा, दुर्गेचे नावच आले की नाही?

आले. पण माउली दोष कोणाला देतात? दुर्गेला नव्हे. तिथीप्रमाणे मालक बदलणाऱ्या मनाला. त्याच यादीत एकादशी करणाराही आहे, म्हणून आपण एकादशी सोडली का? एकाच ओघात गणपतीही आला, म्हणून कोणा माळकऱ्याच्या घरी भाद्रपदात गणपती बसायचा थांबला का? आमच्या रायगडात तर माळकऱ्याच्या घरचा गणपती सगळ्यांत थाटाचा. मग निषेधाचे टोक फक्त डोंगरावरच्या आईकडेच का वळते?

दुसरे प्रमाण गीतेच्या नवव्या अध्यायाचे. जे अन्य देवतांना भजतात तेही मलाच भजतात, पण विधी सोडून, असे भगवंत म्हणतात. आमचे मित्र त्या ‘विधी सोडून’वर बोट ठेवतात. ठीक आहे. पण तिथे माउलींनी दिलेला दृष्टांत पाहा. फांद्या आणि पाने एकाच बीजाची असतात, तरी पाणी मुळाला घालायचे असते. आम्ही मुळाला पाणी घालतो. पंढरी सोडत नाही, आळंदी सोडत नाही. पण मुळाला पाणी घाला असे सांगणाऱ्या माउलींनी फांदी तोडा असे कुठे सांगितले? मुळाला घातलेले पाणी फांदीपर्यंत पोचते, यासाठीच तर तो दृष्टांत आहे. फांदीकडे पाठ फिरवणाऱ्याने मुळाची सेवा वाढवली असे होत नाही.

आणि माउलींचे देवीशी वैर असते तर अमृतानुभवाचा पहिला अध्याय त्यांनी शिवशक्तीच्या वंदनाला का दिला? देव आणि देवी यांत एक मोठे नि एक धाकटे असे नाही, दोघे मिळून एक, हे त्यांनी किती परींनी सांगितले! ज्ञानेश्वरीच्या आरंभी शारदेला नमन आहे. बाराव्याच्या आरंभी गुरुकृपेच्या दृष्टीला त्यांनी आई म्हणून हाक मारली आहे. ज्या पंथाने सावळ्या पुरुषाला विठाई केले, त्या पंथाच्या माणसाला आईचा डोंगर परका कसा?

तिसरे प्रमाण तुकोबारायांचे. शेंदूर फासलेल्या, मांस मागणाऱ्या दैवतांना महाराजांनी फार कडक शब्दांत झाडले आहे. हे खरे आहे, आणि त्यातला एक शब्दही मला कमी करायचा नाही. जीव घेऊन प्रसन्न होणारा देव हा देव नव्हे, ही वारकऱ्याची भूमिका काल होती, आज आहे, उद्याही राहील. पण मला सांगा, मांस मागते कोण? आई मागते, की आईच्या नावाने आपण खातो? गाभाऱ्यातल्या तांदळ्याला कधी भूक लागलेली कोणी पाहिली नाही. मुलगा पास होऊ दे, केस जिंकू दे, फ्लॅटचा ताबा मिळू दे, तुला बकरा देईन, हा सौदा माणसाचा. सौदा करणाऱ्यावर रागवायचे सोडून ज्याच्या नावाने सौदा झाला त्यावर रागवणे हा कुठला न्याय? बाजारात खोटे माप वापरतात म्हणून कोणी तराजूच फेकून देत नाही.

आता आमच्या बाजूचे प्रमाण. रुक्मिणीमातेचे.

भागवताच्या दशम स्कंधात रुक्मिणीने कृष्णाला पाठवलेला निरोप आहे. त्यावर मी किती कीर्तने केली याची गणती नाही. नाथमहाराजांनी रुक्मिणीस्वयंवर रचले, ते आपल्याकडे मुलींच्या लग्नासाठी पारायणाला बसवतात. त्या निरोपात रुक्मिणी भगवंताला ठिकाण काय कळवते? ती म्हणते, लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे कुलदेवीची मोठी यात्रा असते, नवरी गावाबाहेर गिरिजेच्या देवळात जाते, तिथे या. गिरिजा म्हणजे डोंगराची लेक. रुक्मिणी मौन धरून, पायी चालत, आया-बायांबरोबर अंबिकेच्या देवळात गेली. पाया पडली. आणि देवळातून बाहेर पडताना तिला भगवंत भेटले. विदर्भात अंबानगरीचे, अमरावतीचे लोक आजही ते देऊळ म्हणून आपल्या अंबादेवीकडे बोट दाखवतात, आणि त्या अंबादेवीच्या शेजारीच एकवीरेचे देऊळ आहे. रुक्मिणीच्या माहेरची, कौंडण्यपूरची पालखी दर आषाढीला पंढरीला येते, आपण तिला हात जोडतो.

म्हणजे आपल्या परंपरेची जी आई, विठोबाच्या डावीकडची जी रखुमाई, तिला देव भेटला तो कुलदेवीच्या वाटेवर. कुलदेवीकडे जाणाऱ्या नवरीला भगवंतांनी ‘तू अनन्य नाहीस’ म्हणून परत पाठवले नाही. ते स्वतः तिथे गेले. आणि आम्ही, त्याच रुक्मिणीस्वयंवरावर बिदागी घेणारे, आपल्या नातसुनेला सांगतो की डोंगराची पायरी संपली! ओटीचे ताट घेऊन दारात उभी असलेली ती पोर रुक्मिणीच्या जागी उभी होती. चुकलो होतो मी.

हे नातवाला सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘आबा, तुम्ही याल?’

आम्ही तिघे निघालो. साधा बुधवार निवडला. कामोठ्याहून कार्ला साठएक किलोमीटर. एक्स्प्रेसवे सोडून नातवाला मुद्दाम जुन्या रस्त्याने घ्यायला लावले, कारण आईची पायवाट तीच होती. शेडुंग, चौक, खालापूर, खोपोली. घाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी थांबलो. इंग्रजांना बोरघाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचे ते देऊळ, येणाराजाणारा तिथे नाणे टाकतो. आमच्या पट्ट्यातल्या पायी पालख्या याच रस्त्याने चढतात. आई इथे बसून डाळभाकरी खायची, हे बहिणीने मला सांगितले होते. मला आईने स्वतः कधी सांगितले नाही. मी विचारलेच नव्हते.

खंडाळा, लोणावळा मागे टाकून कार्ला फाट्याला वळलो. वेहेरगाव लागले. पाच पायरीपर्यंत गाडी जाते. तिथून पुढे पायऱ्या, दोन्ही बाजूंना नारळ, साड्या, पेढे, हिरव्या बांगड्या यांची दुकाने. तरुण माणूस बोलता बोलता चढतो. मला तासभर लागला. दर वळणावर बसलो. नातसून पाण्याची बाटली धरून दोन पायऱ्या पुढे, नातू मागे. बसल्या बसल्या मनात हरिपाठ चालू ठेवला. कुठल्याही पायरीने मला अडवले नाही, आणि गळ्यातली माळ कुठेही जड झाली नाही.

वर पोचल्यावर आधी दिसते ते लेणे. त्याच्या दारातच आईचे देऊळ. मी आळंदीत चार वर्षे शिकलो, पण हे लेणे मी पहिल्यांदा पाहिले, वयाची पंचाहत्तरी गाठताना. खडक कोरून केलेल्या चैत्यांत देशातला सर्वांत मोठा तो हाच. छताला लाकडी कमानी आहेत, दोन हजार वर्षांच्या सागवानाच्या. खांबांवर आणि भिंतींवर ब्राह्मी लिपीत दानाचे लेख आहेत. दाते कोण? वैजयंतीचा भूतपाल श्रेष्ठी आहेच, पण धेनुकाकट गावचा एक सुतारही आहे, सुगंधी वस्तू विकणारा आहे, परदेशातून आलेले यवन आहेत. आपापल्या ऐपतीने कोणी खांब दिला, कोणी दाराचे काम दिले. मला त्या लेखांपुढे उभे राहून एक गोष्ट फार लागली. या डोंगरावर माणसे प्रथम आली ती काही देऊन गेली, आणि काय दिले ते दगडावर लिहून गेली. मागायला येणारे पुढे आले.

काही मित्र म्हणतील, बुवा, तुम्ही बौद्ध लेण्यात काय शोधत होतात? तर आमच्या संतांनी विठोबालाच बौद्ध अवतार म्हटले आहे, हे विसरू नका. भिक्खूंचे ध्यान आणि कोळीवाड्यातल्या बायकांची ओटी या एकाच डोंगराने शेजारी शेजारी सांभाळली. डोंगराला त्याचे ओझे झाले नाही. ओझे आपल्याला होते.

गाभाऱ्यात आई आणि शेजारी जोगेश्वरी. नातसुनेने ओटी भरली. मी हात जोडले. काय मागितले? काही नाही. एवढेच म्हणालो, उशीर झाला.

इथे हा लेख संपवला असता तर तो म्हाताऱ्याचा पश्चात्ताप ठरला असता. पण खाली उतरताना जे पाहिले त्यामुळे लिहायला बसलो.

वाहनतळाजवळ एका टेम्पोवर मोठे स्पीकर बांधले होते. आईच्या नावाची गाणी, पण ठेका असा की छाती हादरावी. वीस-बावीस वर्षांची पोरे नाचत होती. बऱ्याच जणांच्या हातात काय होते ते सांगायला नको. बाजूला एक बकरा टेम्पोच्या चाकाला बांधलेला, आवाजाने थरथरत होता. पोरांच्या कपाळाला कुंकू होते. वाईट पोरे नव्हेत, आपलीच. त्यांतल्या एकाने मला ओळखले. धावत येऊन पाया पडला आणि बाटली पाठीमागे लपवली. म्हणाला, ‘बुवा, तुम्ही इथे?’

‘तुम्ही इथे?’ हा प्रश्न मी रात्रभर घोळवत होतो. तो पोरगा माझ्या सप्ताहात जेवायला बसलेला. पंढरीच्या वाटेवर तो दारू पिणार नाही, कारण तिथे मी आहे, विणेकरी आहे, चोपदार आहे, त्याचा मामा दिंडीत आहे. इथे तो पितो, कारण इथे आमच्यापैकी कोणी नाही. आम्ही हा डोंगर सोडून दिला. माळकऱ्याला वर्ज्य म्हणून सोडला. चांगली माणसे जिथून निघून जातात तिथे रिकामी जागा उरत नाही. ती जागा टेम्पो घेतो.

आमचा खरा दोष हाच आहे. आम्ही पावित्र्य राखले असे समजत होतो, प्रत्यक्षात जबाबदारी टाकली. यात्रेच्या दिवसांत प्रशासन पशुहत्येवर, दारूवर, वाद्यांवर बंदीचे आदेश काढते. चांगले करते. पण पोलिसाचा दंडुका यात्रा संपली की खाली उतरतो. वणीच्या सप्तशृंग गडाचे पाहा. तिथे २०१६ च्या दसऱ्याला बोकडबळीच्या वेळी मानवंदनेची गोळी चुकून माणसांना लागली, पुढच्या वर्षी बळीवर बंदी आली, आणि २०२२ साली न्यायालयाने अटी घालून ती प्रथा पुन्हा सुरू करू दिली. आदेश येतात, आदेश जातात. माणसाचे मन पालटायचे तर त्याच्याबरोबर चालावे लागते.

हे आपल्याला ठाऊक नाही का? आळंदीची पालखी आज जशी शिस्तीने चालते तशी ती आपोआप चालू लागली नाही. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी तिला घोडे, दिंड्या, क्रम, भजनाच्या वेळा लावून दिल्या. गर्दीची दिंडी केली. आमच्या आगरी-कोळी गावांतून कार्ल्याला पायी पालख्या आजही जातात. चार-चार दिवस चालणारी, उन्हात पाय भाजून घेणारी ही पोरे आहेत. चालण्याची निष्ठा त्यांच्यात आहेच. नाही तो विणा. तो आमच्या खुंटीला लटकला आहे.

आता कार्ल्याच्या डोंगरावर रोपवे करायचे सरकारने ठरवले आहे. वणीला २०१८ पासून ट्रॉली चालू आहे. माझ्यासारख्या गुडघे गेलेल्यांची सोय होईल, मी विरोध करणार नाही. पण वर जाणे जितके सोपे होईल तितकी गर्दी वाढेल, आणि त्या गर्दीत भजन असेल की स्पीकर, हे ठरवायला फार वर्षे उरलेली नाहीत.

दोन शब्द दुसऱ्या बाजूलाही. घरोघरच्या कर्त्यांनो, आयांनो, तुमचा माळकरी मुलगा डोंगरावर येत नाही म्हणून रडता, तेव्हा त्याला बकऱ्यामागे चालायला लावू नका. तुम्ही एरवी काय खाता त्यात मी पडत नाही. खाडीकाठच्या माणसाला मासळी सोड म्हणून सांगायला हा लेख नाही. पण आईच्या दारात जीव बांधून नेणे आणि त्याला मान म्हणणे थांबवा. नाथमहाराजांनी भवानीला नवस बोललेले भारूड आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकतो. त्यात आईला काय वाहायचे ठरते? रोडगा. कणकेचा रोडगा! आणि नवसात सासू, सासरे, नणंद, एकेक नाते दूर कर म्हणून मागणे आहे. ऐकताना बायका हसतात. पण ती नाती म्हणजे मनाचे विकार, ते गेले की जीव एकटा देवापाशी उरतो, हा त्याचा अर्थ. नाथांनी देवी नाकारली नाही, नवसही नाकारला नाही. नवसातला जीव काढून कणीक ठेवली, आणि मागण्यातला स्वार्थ काढून परमार्थ ठेवला. सुधारणा अशी करायची असते, आत जाऊन.

म्हणून माझे म्हणणे चार वाक्यांत सांगतो. कीर्तनकारांनी ‘माळकऱ्याला देवीचा डोंगर वर्ज्य’ हे वाक्य गादीवरून बोलणे बंद करावे, कारण त्याला प्रमाण नाही आणि त्याने घरे दुखावतात. प्रत्येक गावच्या भजनी मंडळाने वर्षातून एकदा टाळ, मृदंग, विणा घेऊन आपल्या कुळाईच्या डोंगरावर जावे, मग ती कार्ल्याची असो, वणीची असो की माहूरची. नैवेद्य पुरणाचा न्यावा, आणि उतरताना पायऱ्यांवरचा प्लास्टिकचा कचरा गोळा करून आणावा, ती आईची खरी ओटी. आणि पायी पालख्या काढणाऱ्या पोरांना उपदेश न करता त्यांच्याबरोबर एक मुक्काम तरी चालावे, रात्री तिथे हरिपाठ म्हणावा, म्हणजे सकाळी स्पीकर लावायचा की नाही हे त्यांचे तेच ठरवतील.

कोणी विचारील, बुवा, तुम्ही स्वतः काय करणार? येत्या चैत्रात आमच्या कामोठ्यातून निघणाऱ्या पालखीबरोबर नातू विणा घेऊन चालणार आहे. हा तोच विणा, माझा. मी खालापूरपर्यंत गाडीने जाऊन रात्री चिंतनाला बसणार आहे, शरीराने साथ दिली तर. टेम्पोजवळच्या त्या पोराचा पत्ता काढून त्यालाही सांगितले आहे. तो म्हणाला, येतो, पण स्पीकर आणणारे दुसरे आहेत, त्यांचे मी सांगू शकत नाही. मी म्हटले, तू ये. त्यांचे नंतर बघू.

त्या बुधवारी घरी आल्यावर नातसुनेने देव्हाऱ्यापुढे नारळ फोडला. सगळ्यांना वाटला. माझी वाटणी तिने वाटीत घातली आणि जरा थांबली, कारण घरात सगळ्यांना माहीत होते की आबा डोंगरावरचा प्रसाद खात नाहीत. मी वाटी तिच्या हातातून घेतली आणि खाल्ला. दात राहिले नाहीत, त्यामुळे वेळ लागला.

रामकृष्णहरी.